अष्टमीचं रक्त

भुकेला माणूस एका जागी बसू शकत नाही, हे मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी कळलं. पोट भरलेलं असलं की माणूस भिंतीला टेकतो, पाय लांब करतो, जांभई देतो. पोटात काही नसलं की तो उठतो, दाराशी जातो, परत येतो, पुन्हा उठतो. परभणीत त्या वर्षी मी इतकी चालले की दाजी म्हणायचे, हिच्या पायाला भिंगरी बांधलीय. त्यांना वाटायचं, अभ्यासाचं वेड आहे. मी त्यांना तसंच वाटू दिलं.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. आई आणि बाप वालूरकडच्या आमच्या गावाजवळ रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. मी परभणीत अक्काकडे, म्हणजे थोरल्या बहिणीकडे, राहून प्राणिशास्त्र शिकत होते. दाजी जिनिंगमध्ये हमाली करायचे. पण रानात कापूसच नाही तर जिनिंगमध्ये काम कुठून असणार? रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायची. तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात अडायची, आणि तीही पुरायची नाही. घरात दोन लहान लेकरं. अक्का वाढायला बसली की तिचा हात भाकरीच्या टोपल्यात घुटमळायचा. ते घुटमळणं मला बघवायचं नाही. माझी स्कॉलरशिप नेहमीसारखी कुठंतरी अडकलेली होती.

मग मी एक तोड काढली. अक्काला सांगितलं की मुलींच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये दुपारच्या जेवणाची माझी सोय झाली. वर्गातल्या मुलींना सांगितलं की मी घरून जेवून येते. दोन्हीकडे पटलं. जेवणाच्या सुट्टीत मी स्टेशनवर जायचे, फलाटावरचं गाड्यांचं वेळापत्रक वाचायचे, दर्ग्याच्या मैदानाला वळसा घालायचे, नळाचं पाणी पोटभर प्यायचे आणि पदरानं तोंड पुसत वर्गात यायचे. संध्याकाळी अक्का वाढेल त्यातलं अर्धं लेकरांच्या ताटात सरकवायचे. दुपारी लय झालं, असं म्हणायचे. अक्काच्या तोंडावर तेवढ्यापुरतं हसू यायचं आणि मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटायचं.

आमचे प्राणिशास्त्राचे सर कोकणातले होते. समुद्राकाठी वाढलेला माणूस नोकरीपायी परभणीत येऊन पडला होता आणि त्याची भरपाई तो आमच्याकडून करून घ्यायचा. गांडूळ शिकवायला घेतलं तरी तासाच्या शेवटी सर समुद्रात पोचलेले असायचे. त्यांचा सगळ्यात लाडका प्राणी म्हणजे सील. मिशावाला, गुळगुळीत, थंड समुद्रात बुडी मारणारा, पण आपल्यासारखाच हवेत श्वास घेणारा आणि पिलांना दूध पाजणारा. परभणीत सील शिकवून काय करायचं, असं मागच्या बाकावरची मुलं कुजबुजायची. मी मात्र कान टवकारून ऐकायचे.

सर सांगायचे की सील बुडी मारतो तेव्हा त्याच्या हृदयाचे ठोके एकदम मंदावतात. रक्त फक्त मेंदूला आणि हृदयाला जातं, बाकीच्या अंगाला आपापलं भागवावं लागतं. दमलेल्या स्नायूंत आम्ल साठतं आणि तो वर आला की ते सगळं रक्तात उतरतं. त्याचं खाणं म्हणजे मासे. माशांत साखर जवळजवळ नसतेच, तरी त्याच्या रक्तात साखर असते, कारण ती तो आपल्या अंगातच तयार करतो. आणि नवल म्हणजे, पिलांच्या मोसमात काही सील किनाऱ्यावर येऊन आठवडेच्या आठवडे उपाशी राहतात. तेव्हा रक्तात चरबी उतरते आणि तिच्यावर ते जगतात, अगदी पाण्याची गरजसुद्धा तिच्यातून भागवतात. पुढं कितीतरी वर्षांनी मी वाचलं की अशा उपासात सीलच्या रक्तातला युरिया वाढण्याऐवजी कमी होतो, कारण त्याचं शरीर स्वतःचं मांस जाळायचं टाळतं. तेव्हा सरांना एवढं ठाऊक नसावं. पण उपाशी प्राण्याचं रक्त वेगळं बोलतं, हे त्यांनी आमच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं.

दिवाळीनंतर सर वर्गाला कोकणात नेणार होते, समुद्रकाठचे प्राणी दाखवायला. माझ्यासारख्यांचा खर्च कॉलेज करणार होतं. अट एकच. आदल्या वर्षी सहलीत एक मुलगा चक्कर येऊन पडला होता आणि त्याच्या घरच्यांनी मोठा गोंधळ घातला होता, म्हणून या वेळी तब्येत ठणठणीत असेल त्यालाच नेणार. मला समुद्र बघायचा होता. का, ते नीट सांगता येत नाही. गावी आमच्या वस्तीची विहीर वेगळी होती, तिच्यात मी भोपळा बांधून पोहायला शिकले. पुढं भोपळा सुटला आणि कुणाची बादली पडली की बायका मलाच हाक मारायच्या. तळाशी जाऊन चिखलात बादली चाचपायची, कान दुखेपर्यंत थांबायचं, मग वर यायचं. त्या विहिरीला चारी बाजूंनी दगड होते. दगड नसलेलं पाणी कसं असतं, या विचारानं मला झोपेतसुद्धा स्वस्थता नसायची.

नवरात्र आलं आणि सरांना एक कल्पना सुचली. अर्धा वर्ग नऊ दिवसांचे उपास धरणार, अर्धा वर्ग जेवणार. सील आणायची गरजच काय! अष्टमीच्या दिवशी सगळ्यांचं रक्त तपासायचं आणि उपासानं काय फरक पडतो ते डोळ्यांनी बघायचं. शिवाय बुडीचा प्रयोगही करायचा. उपासवाल्यांत एक मुलगा होता, तो पाण्यावर नवरात्र करतो अशी ख्याती होती. अनवाणी यायचा, कपाळभर कुंकू, आणि वर्गातल्या दोघी-तिघी त्याला वाकून नमस्कारही करायच्या. आमच्या घरी घट बसत नव्हते. धर्म बदलला तेव्हाच बापानं देव्हारा उचलून नदीत सोडला होता. म्हणून सरांनी मला जेवणाऱ्यांत धरलं, आणि माझं अक्षर बरं म्हणून रक्ताच्या नळ्यांवर आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवायचं कामही दिलं.

नेमकी सप्तमीला घरातली मिलो संपली. अक्कानं लेकरांना कण्या शिजवून घातल्या. मी सांगितलं की मेसमध्ये आज गोडधोड होतं, मला पाणीसुद्धा जाणार नाही. दुपारी तर मी नेहमीप्रमाणे स्टेशन गाठलंच होतं. अष्टमीला सकाळी चहाचं आधणही नव्हतं.

प्रयोगशाळेत आधी बुडीचा प्रयोग झाला. तांब्याच्या घंगाळात विहिरीचं गार पाणी, त्यात एकेकानं तोंड बुडवून श्वास रोखायचा आणि दुसऱ्यानं त्याची नाडी धरायची. मुलं फुर्रकन पाणी उडवत वर यायची. माझी पाळी आली तेव्हा माझी नाडी शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीनं धरली होती. ती सेलूच्या एका आडत दुकानदाराची मुलगी, इथं काकांकडे राहायची. मी तोंड बुडवलं आणि सकाळपासून पहिल्यांदा स्वस्थ झाले. पाण्याखाली भूक लागत नाही. मी इतका वेळ राहिले की मैत्रीण घाबरून माझी वेणी ओढायला लागली. सर खूश झाले. म्हणाले, हा आपल्या वर्गाचा सील. मला वाटलं, समुद्र आता हाताशी आला.

मग सरांच्या ओळखीच्या कंपाउंडरनं उकळलेल्या सुईनं सगळ्यांचं रक्त घेतलं. दुपारपर्यंत नळ्यांत निवळी वर आली. सरांनी ती घेऊन दोन गोष्टी बघितल्या. एका द्रावणात निळा रंग यायचा, जितका गडद तितकी साखर जास्त. दुसऱ्यात, अंग उपाशी राहून चरबी जाळत असेल तर जांभळं कडं उमटायचं. उपासवाल्यांच्या नळ्या फिकट निघणार आणि त्यांत कडी दिसणार, असं सरांनी फळ्यावर लिहूनही ठेवलं होतं.

झालं उलटंच. उपासवाल्यांच्या नळ्या गर्द निळ्या. साबुदाणा, बटाटे, राजगिऱ्याचे लाडू, रताळी, सगळं रक्तात हजर होतं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, एकादशी अन् दुप्पट खाशी, आणि वर्ग खदखदून हसला. पाण्यावर नवरात्र करणाऱ्याची नळी तर इतरांच्या वरताण. आणि जेवणाऱ्यांच्या रांगेत एकाच नळीत जांभळं कडं. चांगलं गडद, बोटातल्या अंगठीसारखं. ती नळी माझी होती.

सरांनी दोन्ही नळ्या उजेडात धरल्या आणि त्यांचा चेहरा कठोर झाला. त्यांचा हिशोब सरळ होता. पाण्यावर राहणाऱ्याच्या रक्तात साखर असू शकत नाही आणि जेवणाऱ्या मुलीच्या रक्तात कडं येऊ शकत नाही. म्हणजे चिठ्ठ्या बदलल्या. चिठ्ठ्या मी चिकटवल्या होत्या. तो मुलगाही छाती पुढं काढून म्हणाला की हिनंच घोळ घातला. सर मला म्हणाले की ज्याला दोन नळ्या सांभाळता येत नाहीत त्याला मी समुद्रावर नेणार नाही. मात्र कबूल केलं तर रक्त पुन्हा घेऊ आणि बघू. प्रयोगशाळा बंद होईपर्यंत विचार करून सांगा.

मी बाहेर पडले आणि पाय आपोआप स्टेशनकडे वळले. इकडे आड, तिकडे विहीर. चूक माझीच म्हणावं, तर रक्त पुन्हा घेणार आणि कडं पुन्हा येणार. खरं सांगावं, तर उपाशी मुलगी म्हणून वर्गभर बोभाटा, आणि तब्येतीच्या अटीत नाव कटणार ते वेगळंच. काहीही केलं तरी समुद्र लांबच. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती खेपा घातल्या कुणास ठाऊक. डोळ्यांपुढं अंधारी येत होती आणि अंगाचा संताप होत होता. संताप सरांचा नव्हता, त्या अनवाणी मुलाचाही नव्हता. मी चिठ्ठ्या एकेक करून, ओठ चावत, जीव लावून चिकटवल्या होत्या. भूक मला लपवता येत होती. पण केलेलं काम कुणी खोटं ठरवलं की माझं डोकंच फिरतं, ते आजही फिरतं. मी तशीच परत फिरले.

वर्ग अजून तिथंच रेंगाळत होता. मी दारातूनच बोलले.

"सर, नळ्या बरोबर हायेत. ते कडं माझंच हाय."

"पण तुम्ही तर जेवणाऱ्यांत होतात."

"जेवले न्हाई. काल न्हाई, आज न्हाई. उपाशी म्हणा मला, पण निष्काळजी म्हणू नका."

कुणी हसलं नाही. सरांनी त्या मुलाकडे वळून विचारलं की तो सकाळपासून नक्की काय काय घेत होता. त्यानं मोठ्या निरागसपणे सांगितलं की तांब्याभर दूध, साखर घालून, आणि केळी. दूध-केळी म्हणजे काय जेवण असतं का सर, असं वर त्यानंच विचारलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या घरात, आणि परभणीतल्या निम्म्या घरांत, त्याला पाण्यावर राहणंच म्हणत होते. कोकणातही म्हणत असतील. पण रक्त घेण्याआधी हे विचारायचं सरांनाही सुचलं नव्हतं.

सरांनी नळी खाली ठेवली. मग मला जवळ बोलावून, इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "सील उपाशी राहतो, कारण त्यानं आधी पोटभर खाल्लेलं असतं. तुमच्या अंगावर काय आहे?" त्यांनी सहलीतून माझं नाव काढलं. दिवाळीनंतर पुन्हा रक्त घेऊ, कडं आलं नाही तर चला, असं सांगितलं. मला ते ऐकून हसावं की रडावं कळेना. कडं जायला जेवण पाहिजे, आणि जेवण नाही म्हणून तर कडं आलं होतं.

नवमीला मैत्रिणीनं डबा आणला आणि माझ्यापुढं सरकवला. साबुदाण्याची खिचडी, तुपातली, शेंगदाण्याचं कूट घातलेली. वासानंच माझा हात डब्याकडे गेला आणि त्याचाच मला राग आला. मी म्हटलं, आमच्यात नवरात्र नसतं. ती म्हणाली, "मी कुठं उपास धर म्हणायले? उपास माजा हाय. तू नुसतं जेव." मी जेवले. शेवटचा साबुदाणासुद्धा बोटानं टिपून खाल्ला. लाज वाटत होती आणि चव लागत होती, दोन्ही एकदमच.

एवढ्यावर ती थांबली असती तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं. पण ती संध्याकाळी आमच्या खोलीवर आली, अक्कानं मेसचं नाव काढलं आणि ती तिला सगळं सांगून गेली. मेस नाही, सोय नाही, दुपारचं जेवण कधी नव्हतंच. मी दारामागं उभी होते आणि तिचा गळा दाबावासा वाटत होता.

ती गेल्यावर अक्का माझ्यावर ओरडली नाही. दाजी कुठूनतरी पायलीभर मिलो घेऊन आले होते. तिनं भाकरी केली, माझ्यापुढं ठेवली आणि समोर बसून राहिली. मी सवयीनं तुकडा मोडून लेकराच्या ताटाकडे हात नेला. तिनं मनगट धरलं.

"मला वाटायचं, ह्या घरातलं एक जण तरी पोटभर जेवायलंय," ती म्हणाली. "त्याच्यावरच दिस काढायले होते मी. ते बी खोटंच व्हतं व्हय?"

मला वाटायचं की मी तिच्या टोपल्यातली भाकरी वाचवत होते. मी तिला काय दिलं होतं आणि आता तिच्याकडून काय काढून घेतलं, ते तिच्या तोंडाकडे बघून कळलं. मी भाकरी खाल्ली. मिलोची भाकरी रडत रडत खाणं फार अवघड असतं, ती मुळातच घशाखाली उतरत नाही.

पुढचे दिवस जेमतेमच गेले. पण घरात जे शिजेल त्याचे वाटे पडायला लागले आणि माझा वाटा मला अक्काच्या देखत संपवावा लागायचा. मैत्रीण दुपारी दोन भाकरी जास्त आणायची. फुकटचं घ्यायचं नाही म्हणून अक्का तिला जवसाची चटणी बांधून द्यायची, आणि ती आमच्या घरची चटणी बोटं चाटत खायची. तिच्या काकांना कळलं असतं तर घरात रामायण झालं असतं. मी अजूनही चालायचे, स्टेशनवर जायचे, एका जागी बसवत नव्हतंच. भूक थोडी निवली तरी समुद्राचा घोर होता. एकेक घास गिळताना मी मनात म्हणायचे, कडं येऊ नको.

दिवाळीनंतर सरांनी माझं रक्त घेतलं. नळी खिडकीशी धरली. मी त्यांच्या खांद्यामागून बघत होते आणि माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. सरांनी नळी फिरवली, हलवली, थोडं थांबून पुन्हा बघितली. आयुष्यात त्या एकाच वेळी मला कुठल्याही परीक्षेत काहीच न येण्याचा आनंद झाला. "नाही," सर म्हणाले, आणि माझं नाव पुन्हा लिहिलं.

समुद्र मी पहिल्यांदा बघितला तेव्हा सगळे गप्प उभे होते आणि मला हसू फुटत होतं. एवढा मोठा, आणि त्यालाही एका जागी बसवत नव्हतं. कितीही बघितलं तरी त्याला दगडांचा काठ नव्हता. सर कुणाला कालवं दाखवत होते, कुणाला खेकडे. मी साडी खोचून कमरेपर्यंत पाण्यात शिरले आणि कुणी काही म्हणायच्या आत बुडी मारली. डोळे उघडले तर चुरचुरले, काही दिसलं नाही. छातीतला ठोका मात्र मंद होत गेलेला कानात ऐकू आला. वर आले तेव्हा किनाऱ्यावरून मैत्रीण आणि सर दोघंही मला हाका मारत होते. निघताना मी सरबताच्या रिकाम्या बाटलीत समुद्र भरून घेतला, अक्कासाठी.

परभणीला परतले त्या संध्याकाळी चुलीवर पिठलं रटरटत होतं. मी अक्काला बाटली दिली आणि सांगितलं की ह्यात समुद्र आहे, कोनाड्यात ठेव, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखव. तिनं बाटली दिव्याकडे धरली, हुंगली, बोट बुडवून चाखलं.

"खारट हाय," ती म्हणाली. "सकाळपासनं मीठ न्हाई घरात. बघून काय करायचं?"

आणि मी अगं अगं म्हणेपर्यंत तिनं पळीभर समुद्र पिठल्यात ओतला. दाजी हसायला लागले, लेकरंही काही न कळून हसली. अक्कानं सगळ्यांची ताटं एकदम मांडली, पहिल्यांदाच स्वतःचंही. पिठलं जरा कडवटच झालं होतं. ते आम्ही पुसून खाल्लं, आणि त्या दिवशी 'दुपारी लय झालं' असं कुणीच म्हणालं नाही.